शुद्ध लिहिलेल्या डब्यातलं तेल

"घरात आणखी कुणाचे पाय सुजलेत का?"

नगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी साडी घोट्याच्या जरा वर घेऊन दाखवली. पेशंट माझे सासरे होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. जामखेडहून त्यांना घेऊन आलो होतो. माझे पाय बघून डॉक्टरांनी पुढचा प्रश्न केला, "स्वयंपाकाला तेल कोणतं वापरता?"

मामांना आधी जुलाब झाले, मग पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. कातडी लाल, हात लागला तरी ठणकायची. गावात सगळे म्हणाले, वय झालं. पुढे आडवं झालं की त्यांना दम लागायचा, तेव्हा गाडी केली.

आजाराचं नाव एपिडेमिक ड्रॉप्सी. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल खाण्याच्या तेलात मिसळलं की अंगावर अशी सूज येते. "हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "एका डब्यातलं जेवणाऱ्या सगळ्यांना होतो. ते तेल आजपासून बंद." मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. मामांच्या हृदयावर ताण आला होता. डोळ्यांचा दाबही तपासला, कारण यात काचबिंदू होऊ शकतो. माझं गोळ्यांवर भागलं. मामांना ऑक्सिजन लागला.

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर आमच्याच गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजी आल्या. त्यांचा मुलगा सोपानराव. तेल आम्ही त्याच्याच दुकानातून घ्यायचो. मला बघून तो उभाच राहिला.

"वहिनी, आमीबी तेच खाल्लंय. सीलबंद डबा हुता, वर शुद्ध शेंगदाणा तेल लिवल्यालं. मला काय ठावं?"

मला त्याच्यावर रागावताही आलं नाही. एवढं त्राण नव्हतं.

हॉस्पिटलने कळवल्यावर अन्न खात्याचे निरीक्षक घरी आले. माझ्या ओट्यावरचा उरलेला डबा त्यांनी नेला. डब्यावरचा परवाना नंबर खोटा निघाला. आत शेंगदाण्याचं तेल नावालाच होतं, तपासणीत धोतऱ्याचं तेल सापडलं. सोपानरावचं दुकान सील झालं. त्याला गप्प बसता आलं असतं, कारण माल बिनपावतीचा होता. पण आईच्या खाटेशी बसूनच त्याने निरीक्षकांना गोदामाचा पत्ता सांगितला. तिथून डबे आणि कोऱ्या लेबलांचे गठ्ठे टेम्पो भरून जप्त झाले.

आजी त्याच आठवड्यात गेल्या. मामा घरी आले. आता ते अंगणापर्यंत चालतात आणि मध्ये दोनदा बसतात.

तुमच्या घरात एकाहून जास्त जणांचे पाय सुजले तर वयावर ढकलू नका. तेलाचा डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांनी तेलाचं विचारलं नसतं तर आम्ही घरी जाऊन तेच खाल्लं असतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गोदामवाला जामिनावर सुटलाय. केस चालू आहे. मागच्या वेळी सोपानराव आणि मी साक्षीला गेलो, दिवसभर बाकावर बसलो आणि पुढची तारीख घेऊन एसटीत चढलो. मला थकलेली बघून तो म्हणाला, "वहिनी, पुढल्या टायमाला तुमी नगा येऊ. मी हाय की."

"येते मी," म्हटलं, आणि खिडकीला डोकं टेकलं.