बियाण्याचे आळू

रंगनाथ आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही फुलांसाठी. माणसानं खोटं बोलावं तर निदान पोटासाठी बोलावं, असं माझं मत आहे. पण मला विचारतो कोण!

काष्टीजवळच्या आमच्या वाडीचा हा माणूस. मी तिथला शाळामास्तर. नगरला एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर तो अठरा वर्षं माळी होता. बायको छबूबाई वाडीवर राहून चार एकर कोरडवाहू बघायची. बाईंनी परदेशातून आणलेली कॅला लिली म्हणजे रंगनाथाचा जीव की प्राण. एकाच पाकळीची सुरळी केल्यासारखं पांढरंशुभ्र फूल, पानं मात्र आळूच्या वळणाची. हिवाळाभर तो तिला पाणी घालायचा, पौषातल्या गारठ्यात रात्री गोणपाट पांघरायचा, तेव्हा कुठे माघात फुलं यायची.

बहात्तर साली बंगल्याची विहीर आटली. बाईही आजारी बहिणीसाठी मायदेशी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "यंदा कंद काढून कोरडे ठेव. आमच्याकडे हिवाळ्यात असंच करतात. मी येईपर्यंत कंद जगले, तर तुझी नोकरी कायम."

रंगनाथानं कार्तिकात बारा कंद उकरले, पानं छाटली, कंद सावलीत सुकवले, चाळलेल्या राखेत थरावर थर लावून मडक्यात भरले आणि मडकं घेऊन वाडीवर आला. इथे माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकन मिलो ज्वारीच्या लाल भाकरी गिळत होती. अशा दिवसांत फुलांचे कंद जपतोय म्हटलं असतं, तर छबूबाईनं मडक्यासकट त्यालाही उकिरड्यावर टाकलं असतं. म्हणून तो म्हणाला, "बियाण्याचे आळू हायेत. हात लावू नगंस."

आमच्याकडे माणूस उपाशी मरेल, पण बियाण्याला हात लावणार नाही. त्या भरवशावर त्यानं मडकं कोपऱ्यात ठेवलं. दर आठ दिवसांनी कंद बाहेर काढायचा, दाबून बघायचा, वास घ्यायचा. एक सडला तेव्हा दोन दिवस जेवला नाही.

माघात मुलगी पुष्पावती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. सातवा महिना होता. मिलोची भाकरी तिच्या पोटात ठरेना. एक दिवस म्हणाली, "आये, आळूची भाजी खाऊ वाटतीया."

छबूबाई दोन दिवस त्या मडक्याकडे बघत राहिली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. पाला कुठला मिळायला, म्हणून तिसऱ्या दिवशी रंगनाथ खडीच्या कामावर गेल्यावर तिनं चार कंदच काढले. आळू खाजतो म्हणून चिंच घातली. पण नीट शिजवायला जळण होतं कुठे? पोरीनं चार घास खाल्ले आणि तिचे ओठ टरारून सुजले. जीभ तोंडात मावेना. ओरडायलाही येईना.

काष्टीच्या डॉक्टरकडे आम्ही तिला बैलगाडीतून नेलं. रंगनाथानं छबूबाईला गाडीत घेतलं नव्हतं. वाटेत रंगनाथ माझा हात धरून म्हणाला, "गुर्जी, त्ये आळू न्हाईत. लिलीचं कंद हायेत, ईख असतंय त्यात. छबूला सांगू नगा. मी सांगतो."

मी डॉक्टरला सांगितलं. दोन दिवसांत सूज उतरली, पोरगी वाचली. चैत्रात मूल झालं, मुठीएवढं, आणि बारशाच्या आधीच गेलं. डॉक्टर मला म्हणाला, आईच्या अंगात रक्तच नव्हतं, कंदाचा काही संबंध नाही. त्या वर्षी वाडीतली आणखी तीन तान्ही गेली.

छबूबाईला हे कोण पटवणार? भिंतीला टेकून ती एवढंच म्हणायची, "बियानं खाल्लं मी. म्हून पुढचं पीक गेलं."

रंगनाथ हे ऐकायचा आणि उठून मडक्यातली राख चाळायला जायचा. मला त्याचा असा संताप यायचा की त्याचं मडकं त्याच्याच डोक्यात फोडावं. पण तो सांगणार म्हणाला होता, आणि नवरा-बायकोच्या मधे पडायचं नाही असं मी मनाला बजावलं. मास्तरांना न बोलायला कारणं बरी सापडतात.

पाऊस झाला, बाई परतल्या. सात कंद उरले होते. सातही कंदांना कोंब आले. बाईंनी नोकरी कायम केली. आश्विनात ज्वारीच्या पेरणीसाठी रजा घेऊन रंगनाथ आला, तेव्हा मी त्याला वाटेतच गाठलं. "आता भीती कसली? ते बियाणं नव्हतंच, हे तिला आज सांग."

"व्हय गुर्जी, आजच सांगतो."

मी त्याच्याबरोबरच शेतावर गेलो. पाभर जुंपली होती. पाभरीमागं चालत मुठीनं बी सोडायचं काम घरच्या बाईचं. रंगनाथानं बियाण्याची ओटी छबूबाईपुढं धरली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझ्या हातानं नगं. बियानं खाल्लेली बाई हाय मी. आवंदा तरी पिकू द्या. केशरबाईला बलवा."

रंगनाथाचे ओठ हलले. मी तीन पावलांवर उभा होतो. बैलांनी माना हलवल्या, ऊन चढत होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बांध ओलांडून तो शेजारच्या शेतातल्या केशरबाईला बोलवायला गेला.

मीही शाळेची वेळ झाली म्हणत वाडीची वाट धरली.