शामलाबाईंची शेवटची काच

नवरा गेल्यावर शामलाबाईंना कॉलेजात चिकटवलं ते चुलतदीर पांडुरंगरावांनी. ते तिथे पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर. इंदरगंजच्या बाजारात चकल्या विकत बसण्यापेक्षा बरं, असं ते चारचौघांत सांगत, आणि सांगायचं कधी थांबले नाहीत.

काम डोळ्यांचं होतं. मुंबईची एक संस्था काश्मीरच्या डोंगरावर महिनोन्महिने ठेवलेल्या काचा धाडी. काचेवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा, पण जाड लेप. आकाशातून येणारे कण त्यातून जाताना काळ्या दाण्यांची रेघ मागे ठेवत. ती सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची. तळहाताएवढी काच पाहायला महिना जाई. काही सापडलं की काचेच्या पाठीवर शाईचा ठिपका द्यायचा. वही ठेवण्याची पांडुरंगरावांची पद्धत नव्हती. काच हीच वही, असं ते म्हणत.

पाच वर्षांत चष्म्याचा नंबर तीनदा वाढला. एकोणीसशे छप्पनच्या भाद्रपदात एका काचेत एक रेघ आली, मंदावत जाड होत गेली, थांबली, आणि थांबली तिथूनच तीन रेघा फुटल्या, कावळ्याच्या पायासारख्या. एक कण संपून तीन झाले होते. असल्या कणांच्या पोटात क्वार्क नावाचे आणखी बारीक कण असतात, ग्लुऑन त्यांना डिंकासारखे जखडून ठेवतात आणि त्यातला एकही सुटा काढता येत नाही, हे शामलाबाईंनी फार पुढे वाचलं. पण त्या वर्षी अशा कणांवरून जगभर वाद पेटला होता, एवढं त्यांना ठाऊक होतं. पांडुरंगरावांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, तुमच्यासाठी मुंबईला पत्र टाकतो, तिथे काचा पाहणाऱ्या बायकांना कायमची जागा मिळते. शामलाबाईंनी माधवगंजातल्या खोलीतली ट्रंक झाडून ठेवली.

नोव्हेंबरात नवं राज्य होणार होतं. राजधानी भोपाळ. पांडुरंगरावांची बदली तिकडे झाली, शामलाबाईंची जागा रद्द झाली, काचा मुंबईला परत जायच्या होत्या. सामान स्वच्छ करून सुपूर्द करावं, असा हुकूम आला. पांडुरंगरावांनी स्पिरिटची बाटली आणि फडकं पुढे केलं. ठिपके पुसले तर ती रेघ पुन्हा कशी सापडेल, असं शामलाबाईंनी विचारलं. घाई आहे, एवढंच ते पुटपुटले.

सकाळपासून त्या पुसत राहिल्या. पाच वर्षं फडक्यावर निळी होऊन उतरली. शेवटची, त्या तीन रेघांची काच उचलली, तर तिच्यावरचा ठिपका आधीच कुणी पुसला होता. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात काचेचा क्रमांक, रेघेची नेमकी जागा, तीन कणांचं वर्णन, खाली पांडुरंगरावांची सही.

कॉलेजात त्या त्यांना साहेब म्हणत. आज साहेब म्हणायचं राहून गेलं.

"भावजी, हे मला सापडलं होतं."

"वहिनी, तुम्ही फक्त पाहिलंत. ओळखलं मी. शोध म्हणून आता काय सातवी पास बाईचं नाव धाडू?"

"आणि माझं पत्र?"

"ते लिहिलंच नाही. तुमचे डोळे कामातून गेलेत, तुम्हालाच कळायला हवं होतं."

दारातला शिपाई हसला. "बाईसाब, स्पिरिट ज्यादा सूँघ लिया क्या?"

काच हातात होती. फरशी दगडी होती. सोडली असती तर तो कागद रद्दी झाला असता. पण ते तीन कण साऱ्या जगात फक्त त्या काचेत होते. शामलाबाईंनी ती कापसात गुंडाळून पेटीत ठेवली.

मग पांडुरंगरावांनी यादी सरकवली. अठ्ठेचाळीस काचा, सर्व स्वच्छ, तपासताना कोणतीही खूण आढळली नाही. शामलाबाईंनी सही केली. ती नीट वाचता येत नाही म्हणून पांडुरंगरावांनी पुन्हा करायला लावली.