लाटांना इस्त्री

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून खेकडा चालून गेल्यासारखं आहे. ही वही कोणी उघडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर माझ्या हातातली पेन्सिल सुटली आणि वाळवायचे बोंबील आले. बाई इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, "शुद्धलेखन नंतर बघू. आधी घोडी चालते का बघू."

बाई सगळं घोडी चालते का यावरूनच ठरवायच्या. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात तीस वर्षं नमुने तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोईसरला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पांढरा आखूड बॉबकट, कायम कडक कॉटनची साडी, बोलणं मोजकं. अशी सत्तरीची बाई रोज दुपारी जेवण आटोपलं की टीव्हीवरच्या रंगीत तट्टांच्या गोष्टींना मार्क देत बसायची, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नव्हता.

ते असं होतं. मुलांच्या एका कार्टूनमध्ये तट्टं आहेत. गुलाबी, जांभळी, कोणाला पंख, कोणाला शिंग, आणि सगळी बोलतात. टीव्हीवर दाखवतात त्याच्या पुढची गोष्ट काही लोक आपल्या मनाने लिहितात. बाईंची नात लहान असताना लिहायची, म्हणून बाई फोनवरच्या त्या मराठी ग्रुपात शिरल्या. नात मोठी झाली, तिला घोड्यांची लाज वाटू लागली, ती निघून गेली. बाई राहिल्या. दिवाळीत आणि मे महिन्यात तिथे स्पर्धा असायची आणि तीन परीक्षकांमध्ये एक बाई. एरवीही कोणी गोष्ट टाकली की बाई शेरा द्यायच्याच. त्यांचं वय तिथे कोणाला माहीत नव्हतं. एक मुलगा त्यांना "दादा" म्हणायचा. बाईंनी कधी दुरुस्त केलं नाही.

मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. मग त्यांचे डोळे गेले, म्हणजे कडेचं दिसायचं आणि मधलं दिसायचं नाही. एकदा त्यांनी मला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव विचारलं आणि मी अक्षर अक्षर जोडून वाचलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "हिरा, ही गोष्ट वाच. गोष्टीचे वीस रुपये. पोळ्यांचे वेगळे."

पहिल्या गोष्टीत "तिच्या पुठ्ठ्यावर चांदणी होती" असं होतं. घोडी खोक्याचा पुठ्ठा घेऊन का फिरते, हे मला तीन दिवस कळलं नाही. कुठे अडतेस, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जनावराच्या मागच्या भागाला पुठ्ठा म्हणतात, आणि या तट्टांच्या तिथे प्रत्येकाचं वेगळं चित्र असतं. मी लाजून तो शब्द पुढे नेहमी हळू वाचायची. "मोठ्याने," बाई म्हणायच्या. "घोडीला लाज नाही, तुला कशाला?"

ऐकताना त्या लसूण सोलायच्या. गोष्ट बरी असली की हात मंद व्हायचे, रटाळ असली की भराभर चालायचे. मी त्यांच्या हातांवरूनच निकाल ओळखायला शिकले. कारखान्यातल्यासारखे त्यांचे तीनच शेरे होते. पास, नापास, आणि परत तपासा. एक गृहस्थ दर पानावर तट्टाला रडवायचे. बाईंनी त्यांना कळवलं की एवढं रडणारं जनावर बाजारात उभं करता येत नाही, पण तुमचं पावसाचं वर्णन मी दोनदा ऐकलं. नापास केलेल्या प्रत्येकाला त्या एक तरी चांगली गोष्ट सांगायच्या, आणि ती खरी असायची. ती सापडेपर्यंत मला गोष्ट पुन्हा वाचायला लावायच्या.

खालच्या वॉचमनलाही हे माहीत झालं होतं. भाजी घ्यायला उतरल्या की तो विचारायचा, "आंटी, आज घोड़ा दौड़ा कि नहीं?" बाई चालता चालता म्हणायच्या, "लंगड़ा था, वापस भेज दिया."

उत्तरं त्या फोनला बोलून लिहायच्या. त्यांचं बोलणं फोनला कळायचं, माझं नाही. मी "नाय" म्हटलं की तो "न्याय" लिहायचा. बाईंना याची मजा वाटायची. मला वाटायची नाही.

कारण माझं बोलणं हीच माझी दुखरी जागा होती. शाळेत मी "पानी" वाचलं की वर्ग हसायचा. कॉलनीत कामाला लागल्यावर मी तोंड मिटून राहायला शिकले. बाईंकडे सुरुवातीला "आम्ही" लिहिलेलं असलं तरी माझ्या तोंडातून "आमी" निघायचं, "आहे"चं "हाय" व्हायचं. बाई रागवायच्या नाहीत. लसूण खाली ठेवून एवढंच म्हणायच्या, "लिहिलंय तसं वाच." दिवसातून दहा वेळा. वर्षभराने माझी जीभ वळली. बाईंनी एक दिवस म्हटलंही, "आता तुझं वाचणं स्वच्छ झालं." त्या दिवशी मी घरी जाताना उमरोळीचं स्टेशन येईपर्यंत मनात तेच घोळवत होते.

मग त्या दिवाळीला चिंचणीच्या एका मुलीची गोष्ट आली. तिने टोपणनाव घेतलं होतं मासोळी. दहावीत होती. तिच्या गोष्टीत निळी घोडी वादळात दर्यात पडते आणि बोंबील वाळत घातलेल्या दांडीला अडकते. एक मुलगी तिला सोडवते आणि उडायला सांगते. घोडी म्हणते, "मी उडनार नाय. माजे पख भिजलेत. आदी ते वाळव, मंग बोल."

ते माझ्या आईचं बोलणं होतं. आई अशीच बोलायची, आधी काम सांगून. मी ते वाक्य पाहिलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे मी मोठ्याने वाचलं तर बाईंना वाटेल, हिरा पुन्हा चुकायला लागली. लसूण खाली ठेवतील आणि म्हणतील, लिहिलंय तसं वाच. लिहिलंय तसंच हे आहे, हे मला सांगता येईल असं वाटेना. मी वाचलं, "मी उडणार नाही. माझे पंख भिजले आहेत. आधी ते वाळव, मग बोल." आणि एकदा सुरू केल्यावर अख्खी गोष्ट तशीच वाचली. कुठे अडखळले नाही. इतकं स्वच्छ मी कधीच वाचलं नव्हतं.

बाईंचे हात भराभर चालले होते. "नापास," त्या म्हणाल्या. "भाषा इस्त्री केलेली. ही घोडी दर्याची नाही, पुस्तकातली आहे. चालत नाही." चांगली गोष्ट शोधायला त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि मी पुन्हा तशीच वाचली. तेव्हा तरी थांबायचं होतं. त्यांनी मुलीला कळवलं की दांडीची कल्पना छान आहे, पण भाषा इस्त्री केलेली वाटते, पुढच्या वेळी तुमच्या ओळखीची घोडी पाठवा. मग रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीतून वीसची नोट काढून मला दिली. ती बाटली कारखान्यातली, नमुन्याची. वाचनाचे पैसे त्यातच असायचे.

दोन दिवसांनी मुलीचं उत्तर आलं. "ती माज्या ओळखीचीच व्हती. मी आता नाय लिवनार." बाईंनी विचारलं, चिंचणीच्या मुलीचं काही आलं का. मी म्हटलं, नाही. पुढचा महिनाभर त्या अधूनमधून विचारत राहिल्या आणि मी नाही म्हणत राहिले. ग्रुपातून मासोळीचं नाव निघून गेलं होतं, ते मी पाहिलं होतं.

उलगडा दुसऱ्या एका परीक्षकाच्या फोनवरून झाला. मी कणीक मळत होते. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. तो माणूस म्हणत होता, बाकी सगळं ठीक, पण तुम्ही त्या मासोळीला का पाडलंत, काय भाषा होती तिची. आणि त्याने ते पंखांचं वाक्य म्हणून दाखवलं. त्याला ती बोली येत नव्हती, तो अडखळत होता, तरीही घोडी आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

फोन बंद झाला. बाई म्हणाल्या, "हिरा, हात धुऊन ये."

मी सगळं सांगितलं. उत्तर लपवलं तेही. वाटलं होतं आता मला काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मला घाबरलीस?"

"तुमाला नाय," मी म्हटलं. "माज्याच तोंडाला."

"मग ते वीस रुपये परत दे. ती गोष्ट तू वाचलीच नाहीस." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "आता वाच. लिहिलंय तसं."

मी वाचलं. दुसऱ्या ओळीपासून आईचाच आवाज आला. बाईंच्या हातात लसणाची पाकळी होती, ती तशीच राहिली. संपल्यावर म्हणाल्या, "चालली." ते त्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस, आणि ते घ्यायला ती मुलगी तिथे नव्हती.

निकाल लागून गेला होता, बक्षीस दुसऱ्याला गेलं होतं. बाईंनी त्याच दिवशी ग्रुपात लिहिलं की एक निकाल चुकला आहे, नमुना माझ्यापर्यंत येण्याआधी बदलला होता आणि मी तो न ताडता शेरा दिला, चूक परीक्षकाची आहे. माझं नाव नाही. कारखान्यात असं झालं तर तपासणारा टेबलावरून उठतो, म्हणून त्याही उठल्या. परीक्षकपद सोडलं. मी रडत म्हटलं, बाई, माझं नाव लिवा. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडून ऐकायचं मी ठरवलं होतं. दोनदा ऐकलं आणि दोन्हीदा ओळखलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी वीसची नोट पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "ती मुलगी परत लिहील तेव्हा दे."

थोड्याच महिन्यांत त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना त्यांनी ती रिकामी बाटली मला दिली आणि मला ग्रुपात घालून घेतलं. गाडीत बसताना म्हणाल्या, "लसूण मात्र तिथे सोललेला मिळतो म्हणे." त्यानंतर दुपारी त्या काय करतात, हे मला विचारवलं नाही.

नोट मी बाटलीत ठेवली. मग मासोळीला स्वतः लिहायला बसले. फोनला बोलून पाहिलं तर त्याने पुन्हा नायचा न्याय केला, म्हणून एका बोटाने लिहिलं. चार दिवस लागले. लिहिलं की तुजी घोडी चालत व्हती, मीच तिला इस्त्री करून वाचली, परीक्षक आंधळ्या हायत, त्यांची चूक नाय, माजी हाय. तिने वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. आलं असतं तरी मी ते कोणत्या तोंडाने वाचणार होते.

या मे महिन्यात ग्रुपात मासोळीची गोष्ट आली. माझ्या लिहिण्यामुळे की आपली आपण, मला माहीत नाही. मी ती लगेच वाचली आणि फोन उपडा ठेवला.

त्याच सुमारास बाई दोन दिवस बोईसरला आल्या. घर विकलं होतं, सह्या करायच्या होत्या. आता त्यांना कडेचंही दिसत नव्हतं. रिकाम्या घरात एकच खुर्ची होती. त्यांना बसवून मी जमिनीवर बसले आणि सांगितलं, चिंचणीच्या मुलीने परत लिहिलंय. त्यांनी हात मांडीवर ठेवले. सोलायला काही नव्हतं.

घोडी या वेळी गावोगाव फिरते. फिरत फिरत एका घरापाशी येते. तिथे आल्यावर मी थांबले. चार ओळी गाळून पुढे जाता आलं असतं, बाईंना कळलं नसतं. बाई वाट पाहत होत्या. मी वाचलं, "तिथं एक बाय व्हती. ती दर्याच्या लाटांना इस्त्री करत बसायची, आन मंग म्हनायची, दर्या सपाट हाय."

बाईंनी मान वळवली. "ही बाय ओळखीची वाटते."

"मीच हाय ती."

"पुढे वाच."

मी शेवटपर्यंत वाचलं, पुठ्ठ्यासकट, मोठ्याने. गोष्टीतल्या त्या बायची इस्त्री शेवटी दर्यात पडते आणि घोडी ती काढून देत नाही. संपल्यावर बाई हसल्या, पुन्हा ठसका लागला, मी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "चालली. पळाली खरं तर."

मी पिशवीतून बाटली काढली आणि नोट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, नमुना तपासावा तशी.

"वीसची आहे ना?"

"वीसचीच हाय."

त्यांनी नोटेची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.