म्हशीच्या पाठीवरचं घोंगडं
ओल्या लोकरीचा वास आला की मावशीचं घोंगडं आठवतं. लहानपणी मी आणि मावशी त्यातच झोपायचो. मरताना तिनं जतचं घर सामानासकट माझ्या नावे केलं, पण मृत्युपत्राचा कारभार तिच्या दिराकडे सोपवला. घराची किल्ली त्यानं कंबरेला बांधली. मी राहते त्या शिरवळहून किल्ली मागायला पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "पितृपाठ सरू दे." मग म्हणाला, "सुगी सरू दे." तिसऱ्या खेपेला तो गोठ्यात होता, आणि म्हशीच्या पाठीवर मावशीचं घोंगडं! "आवं काका, ते माझं हाय!" "व्हय, पर म्हशीला लय गारठा लागतोय. तुला कशाची घाई?" कोर्टात खेटे घालून घर मिळालं, तोवर घोंगडं शेणात कुजलं होतं. आता घरात मऊ ब्लँकेटं आहेत, तरी थंडी पडली की मला त्या म्हशीचा हेवा वाटतो.