शाफ्ट खामगावला होता

आधीच सांगतो, या सदरातल्या गोष्टी मी हसण्यासाठी वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई आली की मी पान उलटतो. माझं नांदुऱ्याला, मोताळ्याच्या रस्त्यावर गॅरेज आहे. दाराला लिंबू-मिरची नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्याला मी तोंडावर विचारतो, ‘बापा, त्यापेक्षा हवा चेक कर ना.’ त्यामुळे काही गिऱ्हाईकं माझ्यावर फुगून आहेत. असोत. माझं म्हणणं एकच — गाडी खोटं बोलत नाही. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि ते सापडत नसेल तर मेकॅनिक भैताड आहे.

आता तो भैताड मीच झालोय. जेवताना ताटात बोटानं चाकं काढत बसतो. बायको म्हणाली, लिहून तरी टाका एकदाचं, घरात दुसरा विषयच राहिला नाही. म्हणून लिहितोय…

गुलाबी बोंडअळी आमच्याकडे बेफाम झाली, त्या वर्षीची गोष्ट. एका जिनिंगवाल्या शेठची गाडी माझ्याकडे आली. मोठी, पांढरी, सेकंडहँड घेतलेली. या गाडीला एरवी पुढची चाकं ओढतात. पुढची घसरली की गाडी आपोआप मागच्या चाकांनाही ताकद देते. ती ताकद पोटाखालून जाणाऱ्या एका लांब लोखंडी नळीतून मागे जाते, तिला शाफ्ट म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

शेठची तक्रार अशी की, हळू चालवली तर मागची चाकं साथ देतात. पण चिखलात, चढावर अॅक्सिलरेटर जोरात दाबला की मागची चाकं मेल्यासारखी गप्प. पुढची जागेवरच गरगर फिरतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गावोगाव कापूस बघत फिरणारा माणूस तो, आमच्या काळ्या मातीत अशी गाडी काय कामाची?

बघतो तर पुढचे दोन टायर कोरे करकरीत आणि मागचे दोन टकले.

‘शेठ, हे काय?’

‘पुढून दिसतात ना भाऊ. मागं कोण पायते?’

आमच्या भागात ही रीतच आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावी तशी गाडी पुढून सजवायची. पण या गाडीत चारही टायर सारखे नसले की कॉम्प्युटर गोंधळतो आणि मागची ताकद बंद करतो. मला वाटलं, सापडलं! चारही टायर सारखे केले. तरी तेच. मागच्या गिअरचं तेल जळून काळं झालं होतं, ते बदललं. तरी तेच. माझ्या गॅरेजात वायरिंगचं काम सलीम बघतो. माझ्याच वयाचा, भांडकुदळ, पण हात सोन्याचा. त्यानं एकेक जोड उघडून साफ केला. जिनिंगच्या मागच्या चिखलात गाडी नेली, मी दाबायचो आणि सलीम बाजूला उकिडवा बसून मागच्या चाकाकडे बघायचा.

‘फिरलं का बे?’

‘कायचं फिरते! पडलं हाय घोड्यासारखं.’

शेवटी संशय शाफ्टवर आला. त्याच्या सांध्यातला क्रॉस घासला होता, मधली बेअरिंगही खिळखिळी. शाफ्ट पूर्ण काढला. शाफ्ट जिथं बसतो त्या उघड्या तोंडात चिखल जाऊ नये म्हणून मी तिथं जुन्या धोतराचं फडकं गच्च बांधलं. शाफ्ट पोत्यात गुंडाळून सलीम एसटीनं खामगावला लेथवाल्याकडे टाकून आला. म्हणजे गाडी आता फक्त पुढच्या चाकांवर. चालते, पण मागची चाकं नुसती बैलगाडीच्या चाकासारखी — ओढलं तर फिरणार, आपण होऊन नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी धाकटी बहीण नंदा हिचा फोन आला. ती रोहिणखेडच्या पलीकडे दिली आहे. नाल्यापलीकडे त्यांचं वावर, आणि वावरातच घर.

‘दादा, यायचे डोये फिरले. तोंडातून फेस येऊन राह्यला. मले वयखत नाहीत रे…’

जवाई, सुधाकरराव, सकाळपासून फवारत होते. बीटी कपाशी आली तेव्हा सगळे म्हणायचे, आता फवारणीची कटकट मिटली. काही वर्षं मिटलीही. मग अळी आली ती बोंडाच्या आत, आणि लोक एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करू लागले. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याच्या वर गेली होती. खाली वारा नाही. औषध अंगावरच परत येतं.

‘सासूबाई म्हणते ऊन लागलं. कांदा हुंगवून राह्यली,’ नंदा म्हणाली.

‘कांदा फेक! कपडे काढ त्यायचे. साबणानं अंग धू. मी निघालो.’

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, परत यायला वेळ होता. गॅरेजात तेव्हा चालू अवस्थेत काय होतं? माझी मोटारसायकल, आणि शेठची ही गाडी. शेठला विचारायलाही थांबलो नाही. सलीम आपण होऊन शेजारी येऊन बसला. जाताना एकच बोलला, ‘नाल्यात उतरू नको, दिलीपभाऊ. शाफ्ट नाही.’

‘मग उडत जाऊ का?’ मी खेकसलो. दुसऱ्या अंगानं लांबचा फेरा होता, पण तेवढा वेळ कुठं होता? जीव उडाला होता माझा. नंदाचं लग्न मी जमवलं, मुलगा मी पाहिला. जवायांचं काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवणार होतो?

नाल्यात जाताना उतार सोपा होता, पाणी घोटाभर. पलीकडे आम्ही सहज पोचलो. जवायांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. नंदानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या छातीतून घरघर येत होती… तो आवाज मला अजून नको वाटतो. नंदा सारखी त्यांच्या गालावर चापट्या मारत होती, ‘आवो, डोये उघडा ना, आवो…’

परतताना मात्र नाल्याचा चढ. काळी माती वरून वाळलेली, आत लोण्यासारखी. अर्ध्यावर पुढची चाकं फिरायला लागली. मी सोडलं, पुन्हा दाबलं. गाडी पोटावर बसली. सलीम उतरून मागे गेला, रेटायला लागला. आजूबाजूच्या वावरात चिटपाखरू नाही. मी दाबतोय, पुढून चिखलाची कारंजी उडतायत, स्टिअरिंग हातात थरथरतंय, आणि मागून नंदा ओरडली, ‘दादा, श्वास थांबला यायचा!’

मी पाय पार खाली दाबला. शिव्या दिल्या… गाडीला, मातीला, अळीला, स्वतःला. देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू.

आणि पाठ सीटला चिकटली.

ज्यानं गाड्या चालवल्यात त्याला हे सांगायला नको. पुढून ओढणं वेगळं आणि मागून रेटणं वेगळं, तो फरक बुडाला कळतो. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. पुढची चाकं फिरायची थांबली, त्यांनी माती धरली. गाडी झटका न देता, शांतपणे, मागून भार घेत चढ चढून वर आली. जवायांनी मोठा, घशातून ओढलेला श्वास घेतला. सलीम धावत येऊन आत बसला. नखशिखांत चिखल, फक्त डोळे पांढरे.

मोताळा मागे पडलं. राजूर घाट लागला तेव्हा सलीम म्हणाला, ‘दिलीपभाऊ, मागचे चाकं फिरले.’

‘गाडी चालली म्हणजे फिरणारच ना बे.’

‘तसं नाही. गाडी उभी होती तवा फिरले. मी चाकाजवयच होतो. त्याच चाकानं मले चिखलानं आंघोय घातली. अल्ला कसम.’

‘गप बस, सलीम.’

‘शाफ्ट मीच नेला ना भाऊ खामगावले?’

मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. बुलडाण्याला दवाखान्यात घेतलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. नंदा तिथंच फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. मीही रडलो, त्यात काय लपवायचं.

नांदुऱ्याला परत आल्यावर मी पहिल्यांदा गाडीखाली घुसलो. शाफ्ट नव्हता. कुठून असणार? धोतराचं फडकं जसंच्या तसं, गाठ माझीच, बाहेरून चिखल थापलेला. फडकं सोडलं. आतून कोरडं, स्वच्छ. लेथवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘अजून हातच लावला नाही हो, पोत्यातच पडून आहे. घाई आहे का?’

आता मला लोक सांगतात — सलीमनं रेटलं असेल. अहो, सलीम म्हणजे हाडांची मोळी, त्यानं गाडी कुठून रेटायची! चाकाखाली दगड आला असेल? असेलही. पण मग उभ्या गाडीचं मागचं चाक कशानं फिरलं? घाबरल्यामुळे भास झाला असेल? मला झाला असेल, पण चिखल सलीमच्या तोंडावर होता, तो तर भास नव्हता.

शाफ्ट तयार होऊन आला तरी मी बसवला नाही. शेठला सांगितलं, पार्ट आला नाही. आणि मी रोज तो नाला गाठू लागलो. तोच चढ, तेच टायर, तसंच दाबणं. सलीम बाजूला उकिडवा.

‘फिरलं का?’

‘नाही.’

‘आता?’

‘नाही ना भाऊ. घरी चाल आता.’

एकदा तर गाडी अशी रुतली की ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. ट्रॅक्टरवाला विचारतो, ‘काऊन बे दिलीप, रस्ता सोडून इथंच काऊन येतं रोज?’ काय सांगू त्याला? घास गोड लागेना, गिऱ्हाईकांवर ओरडू लागलो.

मग सुधाकररावांना सुट्टी मिळाली. त्यांना घरी सोडायला मी तीच गाडी नेली, सलीमही सोबत होता. आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला, नाल्याचा चढ पुन्हा तसाच. नाला ओलांडून घरी पोचलो, चहा झाला. जवायांचे हात थोडे थरथरत होते, पण चेहऱ्यावर रंग होता, थट्टाही सुरू झाली होती. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. सगळं तेच करून बघितलं होतं. एक गोष्ट सोडून. मागची सीट रिकामी होती.

‘सुधाकरराव,’ मी म्हणालो, ‘एकदा मागच्या सीटवर आडवे होता का? नाल्यापर्यंत जाऊन येऊ.’

ते हसले. ‘मेल्याचं सोंग घ्या लागते का फेसही काढू?’ म्हणाले, आणि खरंच जाऊन आडवे झाले. भला माणूस. मी गाडी चालू केली. नाल्यात उतरून चाक बघायला सलीम तयार होईना, शेजारी मान खाली घालून बसला होता.

नंदा पदराला हात पुसत बाहेर आली. मागच्या काचेतून तिनं नवऱ्याला तसं पडलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. मग मला पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. सलीमनं तिला दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं.

‘दादा, गाडी बंद कर.’

‘अवं, पाचच मिनिटं…’

‘तुले काय पायजे, कारण? मले माणूस पायजे होता, तो आला. नाही चालली गाडी, तर तू अजून काईतरी करशीन. म्हणशीन, यायचा श्वास त्या दिशी थांबला होता, आता तोबी…’ तिनं गाडीच्या दाराला हात घातला. ‘अन् चालली, तर मी जल्मभर या नाल्याले भिऊ का? उतरव त्यायले. आत्ता उतरव.’

तिनं दार उघडून त्यांना हाताला धरून उठवलं. ते बिचारे ‘अवं थट्टा होती’ म्हणत होते. ती त्यांना घरात घेऊन गेली, माझ्याकडे वळून न बघता. मी गाडी बंद केली. कारण ती बोलली ते खरं होतं. मी तिथवर गेलो असतो.

शेताच्या दुसऱ्या अंगानं, लांबच्या फेऱ्यानं आम्ही परत आलो. शाफ्ट बसवला. शेठची गाडी आता कितीही जोरात दाबा, मागून भार घेते. दोष क्रॉसमध्येच होता. तेवढ्याचं कारण मी कोणालाही समजावून सांगू शकतो. नाल्यातल्याचं नाही. आजही नाही.

वाचणाऱ्यांत कोणी मेकॅनिक असेल आणि त्याला काही सुचलं, तर जरूर लिहावं. मी वाचेन, भांडेन, गाडीखाली पुन्हा घुसेन. फक्त जवायांना त्या सीटवर पुन्हा निजवून बघा, असं कोणी सांगू नये. ते मी करणार नाही.