पाटाची उंची

बेळगावहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा पिशवीत महत्त्वाच्या दोनच वस्तू होत्या. एक जपानी पुस्तक आणि एक अपुरं चित्र. दोन्ही प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळलेली, कारण श्रावणातल्या जोयड्यात छत्री ही नुसती मनाची समजूत, असं माझा मेहुणा वसंत म्हणतो. तो तिथल्या तालुका कचेरीत कारकून आहे.

पुस्तक माझ्या मुलीचं, अनूचं. शेजारचे इंजिनियर जपानला जाऊन आले, त्यांनी तिला आणून दिलेलं. खिशात मावेल एवढी मुलांची कादंबरी. आमच्यापैकी कुणाला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, चित्रकाराचं नावसुद्धा नाही. पण दर काही पानांनंतर एका मुलीचं चित्र होतं. आखूड केस, एका पायातला घसरलेला मोजा आणि निम्मा चेहरा व्यापणारे डोळे. अनू ती चित्रं तासन् तास बघायची. "बाबा, मला अशी काढा ना," म्हणायची. मी शाळेत चित्रकला शिकवतो, दिवाळी अंकांना चित्रं देतो. प्रमाणबद्धतेचा मला भारी अभिमान. "हे डोळे आहेत की बशा?" म्हणून मी तिला उडवून लावलं. गेल्या माघात तापाचं निमित्त झालं आणि अनू गेली. बारा वर्षांची होती.

त्यानंतर मी तिचं चित्र काढायला घेतलं. केस जमले, हनुवटी जमली. डोळे काही जमेनात. खोडून खोडून तिथला कागद इतका पातळ झाला की आणखी एकदा रबर फिरवलं असतं तर भोकच पडलं असतं. हे वसंतच्या कानावर गेलं. त्याने पत्रात लिहिलं, "भावोजी, नंदिगड्ड्याला परसू आज्जा गणपती करतात. त्यांची आखणी (मूर्तीचे डोळे रेखणं) एकदा बघून जा."

रामनगर मागे पडलं आणि रान रस्त्यावर झुकू लागलं. पुढे एका वळणावर झाड आडवं पडलेलं. ड्रायव्हरने इंजिन बंद करून विडी पेटवली. दोन उतारू पिशवीतले कोयते काढून खाली उतरले. जणू तिकिटाबरोबर तेही काम ठरलेलं होतं. "किती वेळ लागेल?" मी खिडकीतून विचारलं.

"झाड हाय, अण्णा," एक जण फांदी ओढत म्हणाला. "त्येच्या मनावर."

जोयड्यात वसंतकडे उकड्या तांदळाची पेज आणि तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने नंदिगड्ड्याला गेलो आणि शेवटचा पल्ला भातखाचरांच्या बांधावरून पायी. आज्जांच्या घरी पोचून बूट काढला, तर मोजा रक्ताने भिजलेला. आज्जांच्या सुनेने, सुगंधाने, चिमूटभर मीठ टाकून जळू पाडली. "पावणेर (पाहुणचार) झाला तिचा," ती म्हणाली.

पडवीत गणपती ओळीने मांडलेले होते. रंगून झालेले, पण डोळ्यांवाचून. एक शेतकरी आपली मूर्ती न्यायला आला होता. आज्जांनी त्याला विचारलं, "पाट किती उंच?"

त्याने आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवला. आज्जांनी तेवढ्या उंचीच्या खोक्यावर मूर्ती ठेवली, समोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग उठून कुंचला घेतला, श्वास रोखला आणि दोन्ही डोळे रेखले. आज्जा मघाशी मांडी घालून बसले होते, मूर्ती नेमकी त्या जागेकडे बघू लागली. मी उगाच सरसावून बसलो.

"माप चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं हुतं एकदा. उंच ठेवायचा गणपती, मी बुटक्या पाटाचं धरून बसलो. मग काय, देव समद्यांच्या डोक्यावरनं आढ्याकडं बघतोय. इसर्जन हुईस्तवर त्या घरात कुणाला चैन न्हाई." आज्जांनी कुंचला पुसला. "डोळं देवाचं, मास्तर, पर जागा बघणाऱ्याची."

मी पिशवीतून पुस्तक आणि चित्र काढलं आणि चित्र उलगडून आज्जांपुढे ठेवलं. ते कुणाचं हे वसंतने आधीच सांगितलं असावं.

"पोर बसायची कुठं?"

"खाली. चटईवर, माझ्या टेबलाच्या पायाला टेकून. मी खुर्चीवर काम करत असायचो."

"म्हंजे तुमच्याकडं मान वर करून बघायची?"

"बघत असेल."

"असंल म्हंजे?"

 

सुगंधा दारातल्या उजेडात अनूचं पुस्तक चाळत होती. "मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "हिच्या डोळ्यांत कोण तरी उभं हाय."

मी पुस्तक हातात घेतलं. बुबुळातल्या पांढऱ्या उजेडात मुंगीएवढी काळी आकृती होती. तिच्यासमोर उभा असलेला माणूस. पानं उलटून दुसरं चित्र बघितलं, तिसरं बघितलं. प्रत्येकात कुणीतरी होतंच. इतकी वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मी बशा म्हणून मोकळा झालो होतो. डोळे एवढे मोठे, कारण आत आणखी एका माणसाला जागा हवी होती. अनूला ते नक्की दिसलं असणार.

निघताना आज्जा म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. आखलं की पुसायचं न्हाई. पुसलेला डोळा खोटा."

परतीच्या वाटेवर झाड नव्हतं, पाऊसही उघडला होता. मला मात्र घरी पोचायची भीती वाटत होती.

पोचल्यावर ते चित्र मी चटईवर, टेबलाच्या पायाला टेकवून ठेवलं आणि खुर्चीत बसून प्रथमच खाली बघत राहिलो. मग चित्र मांडीवर घेऊन डोळे रेखले, वर बघणारे, जरा मोठेच. बुबुळात उजेडाची जागा सोडली. तिथे तिच्याकडे वाकून बघणारा बाप काढावा असं फार मनात होतं. पेन्सिल टेकवली आणि हात थांबला. शेवटी रोज संध्याकाळी तिला जे दिसत होतं तेच काढलं: खुर्चीतला माणूस, कागदात डोकं घातलेला. पुसलं नाही. चित्र पुन्हा तिच्या जागी ठेवलं.

बायको चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवून ती चित्रासमोर चटईवर बसली.

"अशीच बघायची," ती म्हणाली. "तुम्ही कामात असताना."