टपालपेटीतली चौऱ्याण्णव पोरं

त्या फेब्रुवारीत थंडी शून्याखाली बावीसवर जाऊन बसली होती आणि आठवडा झाला तरी उठायचं नाव घेत नव्हती. असल्या थंडीत स्कूलबसचं इंजिन रात्रभर विजेच्या वायरीला जोडून ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी ते नुसतं खोकतं आणि गप्प बसतं. पहाटे सव्वापाचला अर्लीन वोंद्राचेक डेपोत यायची, आपल्या चौदा नंबरच्या बसच्या नाकाखालची वायर उपसायची, सहाही टायर लाकडी हातोड्यानं ठोकून त्यांचा आवाज ऐकायची. मग दिवे, बाजूला उघडणारी लाल पाटी, मागचं संकटकाळचं दार. ओव्हरकोटाच्या खिशात खसखशीच्या सारणाचे दोन गोड पाव, कोलाच, असायचे. ते गाडीच्या हीटरवर ठेवले की पहिल्या थांब्यापर्यंत मऊ व्हायचे.

एकसष्ट वर्षांची बाई. हार्लन फोर्क गावात सत्तावीस वर्षं हीच बस. गावातली निम्मी तरणी माणसं तिच्या बसमध्ये कधी ना कधी ओकलेली आहेत आणि हे ती त्यांना लग्नातसुद्धा ऐकवते. नवरा गेल्यावर ती कॉटनवुडच्या ट्रेलर-वस्तीत, चाकांवर आणून ठेवलेल्या स्वस्त घरांत, एकसष्ट नंबरच्या घरात राहायला आली. लेक ओमाहाला कामाला. तिची मुलगी टेसा, वय वर्षं आठ, आजीपाशी. टेसाच्या दोन शाळा बदलून झाल्या होत्या, एक आईच्या नोकरीपायी आणि एक शाळा मंडळानं मागच्या खेपेला कुठल्या घरची पोरं कुठल्या शाळेत जाणार ती हद्द बदलली म्हणून. आता कुठं ती ओढ्याकाठच्या शाळेत रुळली होती. बसमध्ये तिची जागा आजीच्या मागची. तिथून ती आजीच्या मानेशी बोलत राहायची.

आणि आता पुन्हा हद्द बदलायची होती. टेकडीवर नवी शाळा बांधून होत आली होती. टेकडीवरची घरं मोठी, दोन-दोन गाड्यांची. तिथल्या शंभर पोरांत नऊच पोरं सरकारी मोफत जेवणाची, म्हणजे गरिबाघरची. ओढ्याकाठच्या शाळेत शंभरात अडुसष्ट, आणि वर्ग इतके ठासून भरलेले की गाण्याचा तास जिन्याखाली व्हायचा. मंडळानं ठरवलं की नुसती शाळा उघडायची नाही, दोन्हीकडं सगळ्या घरची पोरं मिसळली पाहिजेत. आमच्याकडं या गोष्टीवरून शेजाऱ्यांची बोलणी बंद होतात, तरी मंडळानं हिंमत केली. आता ही मिसळ करायची तर गरिबाघरची पोरं टेकडीवर न्यायला हवीत. कुठली न्यायची, तर रुळांपलीकडच्या सायकमोर चाळींतली बावन्न.

डेपोचा मुकादम ड्वेन यानं नव्या हद्दींचा नकाशा कॉफीच्या मशीनवर चिकटवला आणि सायकमोरचा मार्ग अर्लीनच्या नावावर टाकला. पहिला थांबा सहा दहाला. तिनं तो वाचला, बोटांवर वेळ मोजली आणि ड्वेनला विचारलं, की सहा वर्षांचं पोर तासभर बसमध्ये बसवायचं ते कुणाच्या डोक्यातनं निघालं. ड्वेन म्हणाला, कॉम्प्युटरच्या. सायकमोरमध्ये बहुतेक कांगोहून आलेली कुटुंबं. एस्पेरान्स मुकेंडी नावाच्या बाईची तीन पोरं अर्लीनच्या बसमध्ये होती. ती बाई डुकराच्या मांसाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. साडेपाचला ती कामावर, मग सहा दहाच्या अंधारात पोरांजवळ उभं कोण राहणार?

कॉफी ओतता ओतता अर्लीनचं लक्ष नकाशाच्या दुसऱ्या कडेला गेलं, आणि कॉफी कपाबाहेर गेली.

कॉटनवुडची वस्ती हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. पश्चिमेला निम्मी, पूर्वेला निम्मी. नकाशात पश्चिमेच्या तुकड्यावर पोरांचा आकडा होता चौऱ्याण्णव. पूर्वेच्या तुकड्यावर शून्य.

"ड्वेन," ती म्हणाली, "मी कुठं राहते रे?"

"आता हे बी मीच सांगू? एकसष्ट नंबरात."

"न्हाई. या कागदावर तिथं कुणीच राहत न्हाई. मी न्हाई, टेसा न्हाई, ती सॅलिनासची चार पोरं न्हाईत. सगळं शेत हाय नुसतं."

तिला कळायला वेळ लागला नाही, कारण ती रोज संध्याकाळी टपालपेटीपाशी उभी राहून आपलं टपाल काढते. आमच्या ट्रेलर-वस्तीत टपाल घरोघर येत नाही. पश्चिमेच्या फाटकापाशी एक मोठं लोखंडी कपाट आहे, त्यात सगळ्या वस्तीच्या पेट्या, रस्त्यापलीकडच्यासुद्धा. नकाशावाल्यांनी पोरं मोजली ती पेट्यांवरून. पोस्टाच्या हिशेबी चौऱ्याण्णव पोरं त्या एका कपाटात झोपत होती. आणि लहान पोरांनी हमरस्ता ओलांडायचा नाही या नियमानं हद्द रस्त्यावरूनच आखलेली. म्हणून पश्चिम बाजू ओढ्याकडं राहिली आणि पूर्वेचं मोकळं शेत टेकडीच्या शाळेला जोडून टाकलं.

पूर्वेच्या शेवटच्या ट्रेलरमागं सोयाबीनचं एक शेत आहे, आणि शेत संपलं की टेकडीच्या नव्या शाळेचं कुंपण.

सकाळची फेरी तिनं कशी मारली ते तिचं तिला माहीत. आठ वाजता ती परत आली ती वही घेऊनच. फेरी संपली की आम्हा ड्रायव्हरांना बसच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन तिथलं बटण दाबावं लागतं, नाहीतर भोंगा वाजतो. एखादं पोर झोपून राहिलं नाही ना, ते प्रत्येक बाक बघून यावं म्हणून. त्या दिवशी ती प्रत्येक बाकापाशी थांबली आणि तिथं कोण बसतं, हमरस्त्याच्या कुठल्या बाजूनं चढतं, ते लिहीत गेली. पूर्वेची त्रेचाळीस निघाली. नावांनिशी.

हीही बहुतेक गरिबाघरचीच. ही त्रेचाळीस पोरं चालत टेकडीवर गेली तर सायकमोरच्या बावन्नांना पहाटे उठायची गरजच नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिनं ड्वेनला मिठी मारली, आणि ड्वेन म्हणतो की गेल्या अकरा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

पण त्या त्रेचाळिसांत एक नाव टेसाचं होतं.

शाळा पेटीवरून ठरणार होती. तोंड मिटून बसलं तर टेसाची पेटी पश्चिमेला, म्हणजे टेसा ओढ्याकाठीच, आजीच्या पाठीमागं. तोंड उघडलं तर तिसऱ्यांदा शाळा बदलायची. आणि तीही मोठ्या घरच्या पोरांत, एका ट्रेलरातून. रात्रीच्या जेवणाला टेसानं सरळ विचारलं की आजी, तू माझं नाव खोडू शकतेस ना. अर्लीन म्हणाली, खोडता येतं. टेसा म्हणाली, मग खोड.

अर्लीननं नाव खोडलं नाही. पण ती मला नंतर म्हणाली की पेन्सिल हातात घेऊन ती किती तरी वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाच्या अध्यक्ष लिंडक्विस्टबाईंना फोन लावला. त्या टेकडीवर राहतात, दातांच्या डॉक्टर आहेत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की सोमवारी मतदान आहे, तुम्ही लेखी द्या. अर्लीननं सांगितलं की लिहून बिहून काही नको, शनिवारी सकाळी सहाला सायकमोरला या, मी तुम्हाला बसमधून शाळेत सोडते.

मंडळाच्या सातांपैकी चौघे आले. शिवाय नकाशावाली केंड्रा, डी मॉइनहून, पातळ बूट घालून. ड्वेननं डोळेझाक करून बस दिली. आत शिरल्या शिरल्या अर्लीननं चौघांना मागच्या बाकांवर बसवलं, कारण नव्या पोरांना पुढं जागा मिळत नाही. मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागले. एस्पेरान्स कारखान्यातून सुट्टी मागून आली होती. ती थांब्यावर आपल्या तीन पोरांना घेऊन उभी राहिली, तोंडापासून गुडघ्यापर्यंत स्कार्फात, आणि मंडळाला बघू दिलं.

रुळांवर मक्याची मालगाडी आडवी आली. एकशे सात डबे. लिंडक्विस्टबाईंनी विचारलं की ही रोज असते का.

"रोज न्हाई बाई," अर्लीन आरशातून म्हणाली. "कधी कधी मधेच थांबते बी."

टेकडीच्या शाळेपाशी पोचायला अठ्ठावन्न मिनिटं लागली. एका सभासदाला वाटेत झोप लागली होती. अर्लीननं त्याला हलवून उठवलं, शेवटच्या बाकावरचं बटण दाबायला लावलं, आणि मग दार उघडायच्या ऐवजी बस तशीच पुढं कॉटनवुडला आणली.

आता उजाडत होतं. पश्चिमेच्या फाटकापाशी तिनं केंड्राला ते कपाट दाखवलं. बर्फानं गोठलेल्या पेट्यांच्या रांगा. केंड्रानं आपला फोन बघितला, कपाट बघितलं, आणि पुन्हा फोन बघितला. पोरगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, "मी चौऱ्याण्णव मुलं या लोखंडी पेटाऱ्यात ठेवलीत."

मग अर्लीननं बस रस्त्यापलीकडं वळवली आणि हॉर्न दिला. लांब, डेपोतून निघताना देतो तसला.

पूर्वेच्या गल्लीत एकेक दार उघडायला लागलं. तिनं आदल्या दिवशी घराघरात सांगून ठेवलं होतं. नाइटसूटवर बापाचं जाकीट, पायात बर्फाचे बूट, कुणाच्या हातात टोस्ट, कुणाच्या काखेत मांजर, अशी पोरं पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि हात हलवायला लागली. सॅलिनासची चार. हॉलच्या जुळ्या. बस गल्लीतून बैलगाडीच्या चालीनं जात होती आणि मागच्या बाकांवरून मंडळ मोठ्यानं मोजत होतं. तिशीच्या पुढं गेल्यावर त्यांना चेव चढला. मघाशी झोपलेला सभासद खिडकीला नाक लावून ओरडत होता. बेचाळीस.

एकसष्ट नंबरचं दार बंद होतं.

अर्लीननं बस थांबवली. हॉर्न दिला नाही. थोड्या वेळानं दार उघडलं आणि टेसा बाहेर आली, शाळेचं दप्तर पाठीला लावून. ती पायरीवर थांबली नाही. सरळ बसपाशी आली आणि आजीला म्हणाली, "चालत किती लागतात ते मी मोजणार. तू हॉर्न नको वाजवू."

मग सगळे तिच्या मागून शेतातून निघाले. पुढं टेसा, मागं दातांची डॉक्टर, तिच्या मागं केंड्रा ओल्या बुटांत. सोयाबीनची धसकटं बर्फातून टोचत होती. कुंपणापर्यंत अकरा मिनिटं लागली आणि टेसाची एक हजार एकशे बारा पावलं. कुंपणाच्या आत नवे झोके होते, त्यांच्यावर अजून प्लॅस्टिक. टेसानं जाळीतून ते नीट बघून घेतले.

सोमवारी सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. टेकडीवरच्या एका गृहस्थानं हिशेब मांडला की नव्या हद्दीनं त्यांच्या शाळेत मोफत जेवणाची पोरं शंभरात चोवीस होतील, सायकमोरवाल्या जुन्या नकाशानं अठ्ठावीस होत होती, म्हणजे मिसळ कमीच झाली, मग सगळंच रद्द का करू नये. त्याला मिसळ किती हवी होती ते सगळ्या हॉलला माहीत होतं. अर्लीन माइकपाशी गेली. तीन मिनिटं मिळतात, तिनं एक वापरलं.

"चार पोरं कमी पडत असतील तर वाईट वाटून घेऊ नका, सॅलिनासबाईला पाचवं होणार हाय," ती म्हणाली. हॉल हसला. "पण माझी नात या यादीत हाय. तिला यायचं नव्हतं. ती तुमच्या पोरांच्या शेजारी बसायला तयार झालीय. आता तुम्ही तयार व्हा."

मतदान झालं, पाच विरुद्ध दोन. पूर्वेचं कॉटनवुड टेकडीला, सायकमोर होतं तिथंच, ओढ्याकाठच्या शाळेत, आणि शेतातून पायवाट उन्हाळ्यात बांधायची. एस्पेरान्सनं दारापाशी अर्लीनचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत बराच वेळ काही सांगितलं. अर्लीनला एक शब्द कळला नाही. ती मान हलवत राहिली आणि डोळे पुसत राहिली. ड्वेननं सगळ्यांना बिअर पाजतो म्हणून जाहीर केलं आणि मग सकाळच्या फेरीची आठवण काढून तो बेत कॉफीवर आणला.

मंगळवारी थंडी उणे एकोणीसवर आली होती, म्हणजे आमच्या मानानं वसंतच. टेसा आजीच्या मागच्या जागेवर बसली. ही जागा तिला मे महिन्यापर्यंतच, शाळेचं वर्ष संपेपर्यंतच होती. ती वाटभर त्या झोक्यांविषयी बोलत होती, की सहा आहेत, आणि एक टायरचा आहे, आणि प्लॅस्टिक कधी काढतील. अर्लीन फक्त हं हं करत होती. शाळेपाशी टेसा उतरली, वळून हात करायचं विसरली आणि पळाली.

डेपोत आल्यावर अर्लीननं इंजिन बंद केलं आणि मागं चालत गेली, प्रत्येक बाक बघत. सातव्या बाकाखाली एक हिरवा हातमोजा सापडला. तो तिनं डॅशबोर्डवरच्या हातमोज्यांच्या डब्यात टाकला, बटण दाबलं, आणि झाडू घेऊन शेवटच्या बाकापासून बर्फाचा चिखल पुढं लोटायला लागली.